बाबांचं ‘नाही’

माझ्या बाबांना बोलायला फार आवडायचं, हे अर्धंच सांगणं झालं. दुसऱ्यांनी बोललेलं त्यांना आवडायचं नाही, हे जोडलं की चित्र पुरं होतं. ते आमच्या गावाच्या मंडळाचे बौद्धाचार्य होते. कोकणातल्या आमच्या वाडीची मुंबईत जेवढी म्हणून लग्नं झाली, त्यांतली निम्मी तरी त्यांनी लावलेली. वंदना खणखणीत म्हणायचे आणि त्यानंतर नवरा-नवरीला उपदेशाचे दोन शब्द सांगायचे. हे दोन शब्द पाऊण तास चालायचे. वरण-भात गार व्हायचा, आचारी लांबून हात जोडायचा आणि बाबांना वाटायचं, काय हा माणूस, केवढा आदर!

घरीही तीच तऱ्हा. आईनं वाक्य सुरू करायचं आणि बाबांनी ते संपवायचं, असा त्यांचा तीस वर्षांचा संसार. ऐंशी सालच्या आसपास आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सेक्टर कसले, नुसता चिखल आणि डास. वर्षही झालं नसेल, एका सकाळी दाढी करताना बाबांच्या उजव्या हातातला ब्रश खाली पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. आई म्हणाली, “आता काय झालं रुसायला?” नंतर पुढे कित्येक वर्षं ती या एका वाक्यासाठी स्वतःला बोल लावत राहिली.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तीन आठवडे काढले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई केसपेपरच्या पाठीमागे मेंदूचं चित्र काढून समजावायच्या. चित्रकला यथातथाच होती, मेंदू फणसाच्या गऱ्यासारखा दिसायचा. पण सांगायच्या नीट.

“शब्द जुळवून तोंडापर्यंत आणायचं काम डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाचं. तिथलं रक्त अडलं. उजवा हात-पाय हलवणारी जागा त्याला लागूनच आहे, म्हणून तेही गेलं. याला वाचाघात म्हणतात. पण समजायची जागा मागं, कानाच्या वरच्या बाजूला. ती शाबूत आहे. तुम्ही साधं-सरळ बोललात की यांना सगळं कळतं. तेव्हा यांच्यासमोर जपून बोला.”

समोरच्या खाटेवरच्या आजोबांचं नेमकं उलट. त्यांची मागची जागा बिघडली होती. हात-पाय ठणठणीत, बोलणं धो धो. “त्या पिवळ्या जिन्याला बत्तासे घालून पाठवा, नाहीतर कपाट जेवून जातं,” असं ते नर्सला बजावायचे. थाट हेडमास्तरांचा, अर्थ शून्य. दुसऱ्यांचं त्यांना कळायचं नाही आणि आपलं चुकतंय याचा तर पत्ताच नाही. हात-पाय चालत होते म्हणून घरच्यांनी त्यांना आधी वेडाच्या डॉक्टरकडे नेलं होतं, बिचाऱ्यांना. कोपऱ्यात एक बाई होत्या, त्यांना फक्त वस्तूंची नावं सापडायची नाहीत. चमचा दाखवला की म्हणायच्या, “ते हो, साखर ढवळायचं.” बाकी सगळं बोलणं नीट. आणि दाराजवळच्या एका गृहस्थांना ना बोलता येत होतं, ना समजत होतं. त्यांची बायको दिवसभर त्यांचा हात धरून बसायची. तिच्याकडे बघितलं की आपलं दुःख सांगायची लाज वाटायची.

बाबांची आणि त्या आजोबांची मात्र गट्टी जमली. आजोबा तासभर बोलायचे, बाबा मधे मधे “नाही” म्हणायचे, आणि दोघेही तृप्त होऊन झोपायचे.

कारण बाबांकडे तेवढा एकच शब्द उरला होता, नाही. हो म्हणायचं असलं तरी नाही. हाच का उरला, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगता येत नाही, कुणाची शिवी उरते, कुणाचे आकडे. आई म्हणाली, “तीस वर्षं मी हाच ऐकलाय. दुसरा कुठला उरणार?”

घरी आल्यावर मी दुभाषी झाले. दिवसा ऑफिसात टायपिंग आणि संध्याकाळी बाबांचं ‘नाही’. शब्द गेले होते, पण सूर शिल्लक होता. चहा हवा असला की ‘नाऽही’ लांबायचं. पटलं की “नाही नाही” असं झटपट दोनदा. आईनं भाजीत मीठ जास्त टाकलं की दणका. खरंखुरं ‘नाही’ मात्र मी एकदाच ऐकलं होतं. मंडळाची माणसं सांगायला आली, की लग्नं लावायचं काम आता दुसऱ्याकडे दिलंय. तेव्हा बाबा मान खाली घालून, श्वासातल्या श्वासात, जेमतेम ऐकू येईल असं “नाही” म्हणाले. ते मी विसरले नाही.

आणि एक नवल. घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आईनं भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना सुरू केली, आणि मागून बाबांचा आवाज आला. त्रिशरण, पंचशील, सगळं स्वच्छ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी ढसाढसा रडले. वंदना संपल्यावर धावत जाऊन विचारलं, “बाबा, पाणी देऊ?” बाबा म्हणाले, “नाही,” आणि दोन पेले प्यायले. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला उलगडा केला. वर्षानुवर्षं पाठ असलेलं, सुरात मुरलेलं वेगळ्या वाटेनं येतं, तिथं कदाचित उजवा मेंदू हात देत असेल. स्वतःचं नवं वाक्य जुळवायची वाट बंद ती बंदच. आम्हाला हे कळलं. दुसऱ्या कुणाला सांगून ठेवावं, एवढं मात्र सुचलं नाही.

ते अंगाशी आलं माझं लग्न ठरताना. मुलगा मीच पसंत केला होता, बसस्टॉपवर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होता, राहायला ऐरोलीत, मूळचा मराठवाड्याचा. आई-वडील लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेला, त्यामुळे आत्याचा शब्द शेवटचा. आणि आत्याची अट एकच होती. मुलीच्या बापानं स्वतःच्या तोंडानं पोरगी देतो म्हणायला हवं. “उद्या कोनी म्हनायला नको, आजारी मानसाची पोरगी फसवून नेली.” बाबांना बोलता येत नाही, असा निरोप आम्ही धाडला. तिनं उलट निरोप दिला, येऊन बघते.

बैठकीला सहा माणसं आली. आईनं रीतीप्रमाणे आधी मेणबत्त्या लावल्या, अगरबत्ती लावली. आणि बाबांना चेव आला! घरात पाहुणे, समोर नवरा मुलगा, वंदना चालू. सगळ्यांच्या वर त्यांचा आवाज. मुलाचे काका एके ठिकाणी चुकले, तर बाबांनी डाव्या हाताचं बोट उचलून त्यांना थांबवलं आणि ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. मी मनात म्हटलं, संपलं.

आत्या पदर सावरून पुढे सरकली. “दादा, पोरगी देता ना आमाला?”

“नाही नाही,” बाबा म्हणाले. माझ्या जिवात जीव आला आणि पाहुण्यांचा गेला.

“अन् म्हनं बोलता येत नाही!” आत्या म्हणाली. “इतकी वंदना धडाधडा म्हनली, आमच्याशीच बोलायचं म्हनलं की आजार. नसंल द्यायची तं सरळ सांगावं, सोंग कामून?”

“आत्या, ते त्यांचं हो आहे,” मी म्हटलं.

“तू तं म्हनशीलच!”

मुलाकडे बघितलं, तर हा शूरवीर पायाच्या अंगठ्यानं लादी उकरत होता. मी आत जाऊन बाबांचा केसपेपर आणला, पाठीमागचा फणस दाखवला, पुढची जागा, मागची जागा, पाठ केलेलं आणि जुळवलेलं, सगळं सांगितलं. आत्या शाळेत गेली नव्हती, पण बाई हुशार. ती बाबांकडे वळली.

“दादा, हे घर तुमचंच ना?”

“नाही.”

“ही तुमची बायको ना?”

“नाही.”

“पाहा, तीस वर्षांनी खरं बाहेर आलं,” आई म्हणाली आणि सगळी खोली हसली. बाबाही हसले, अर्ध्या तोंडानं.

आत्याची खात्री पटली. ती बाबांच्या अगदी समोर येऊन बसली, आवाज उतरवला आणि म्हणाली, “चुकलं माजं, दादा. आता शेवटचं इचारते. लेकीला आमच्या घरी धाडता का?”

आता बाबा हसत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि श्वासातल्या श्वासात म्हणाले, “नाही.”

मी ओळखलं. दुसऱ्यांदा ऐकत होते ते. मुलात त्यांना काही खोट दिसत नव्हती, मघाशीच दोनदा झटपट मान्य करून मोकळे झाले होते. पण मी गेले की त्यांचा चहा कोणता, राग कोणता, हे कुणाला कळणार होतं? त्यांची उरलीसुरली भाषा माझ्याबरोबर ऐरोलीला निघाली होती.

“काय म्हनले?” आत्यानं मला विचारलं. आता माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

“हो म्हणाले,” मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली. त्यांना सगळं कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी जपून बोलायला सांगितलं होतं, आणि मी तर त्यांच्यासमोर त्यांचंच बोलणं खोटं करून सांगितलं होतं. त्यांनी समोरचं पेढ्यांचं ताट नुसतं बाजूला सारलं असतं, तरी आत्या उठून गेली असती.

त्यांनी डाव्या हातानं पेढा उचलून मुलाच्या तोंडाशी नेला. अर्धा त्याच्या शर्टावर सांडला, अर्धा कसाबसा तोंडात गेला. मग दुसरा पेढा उचलून त्यांनी तो माझ्यापुढे धरला.