पापणी नसलेला जीव

“आधी डोळे.” औषधाची बाटली उघडण्यापूर्वी काका एवढंच म्हणत आणि अजगराच्या डोळ्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवून ती बोटांनी हलकेच धरत.

आखातातल्या रिग्गई भागात पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात ते कामाला होते. गाव सावंतवाडीकडचं. राहायला आमच्याच इमारतीत, एका खोलीत सहा जण. मी पुण्याहून सुट्टीत वडिलांकडे आलो की त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. “ह्यो आमचो सायंटिस,” असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. गिऱ्हाइकांना मराठी कळत नसे, तरी सांगत.

त्या उन्हाळ्यात अजगराच्या खवल्यांत बारीक किडे झाले होते. औषध ते थेट फवारत नसत; फडक्यावर घेऊन मानेपासून खाली पुसत. “ह्येका पापणी नाय रे,” मला म्हणाले. “साबण गेलो तर तू डोळे मिटशीत. ह्येना काय करूचा?” मग अजगराला म्हणाले, “साहेब, हलू नका हां.”

एका सकाळी अजगराचे दोन्ही डोळे निळसर, दुधाळ दिसले. मालक भडकले.

“साब, चमडी निकालेगा. आठ दिन रुको,” काका म्हणाले. मालकांना पटेना, तेव्हा ते माझ्याकडे वळले. “तू सांग रे ह्यांका इंग्लिशमधून.”

साप कात टाकतो हे मला ठाऊक होतं. त्याआधी डोळे असे होतात, हे ठाऊक नव्हतं. ‘मला माहीत नाही’ म्हणता आलं असतं. पण मालक प्रथमच माझ्याकडे नीट बघत होते. मी सांगितलं, औषध डोळ्यांत गेलं असावं, कॉर्नियाला इजा झाली असावी. कॉर्निया हा शब्द मला वापरायचाच होता. मी बोलत होतो तोवर काका हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होते. मी त्यांचंच म्हणणं मांडतोय असं त्यांना वाटत होतं.

आठवड्याच्या आत मालकांनी काकांना कामावरून काढून गावी पाठवलं. निघताना वडिलांना म्हणाले, “पोराक वाईट वाटू देव नका. तो बोललो माझ्यासाठी. मालकान आयकला नाय.”

ते गेल्यावर चार दिवसांनी अजगराने कात टाकली. डोळ्यांवरच्या दोन गोल, पारदर्शक चकत्यांसकट ती काचेच्या पेटीत अखंड पडली होती. खालचे डोळे काळेभोर, स्वच्छ.

पुढच्या शुक्रवारी वडिलांनी त्यांना गावी फोन लावला आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

“कात टाकल्यान?”

“हो, काका.”

“डोळे?”

“स्वच्छ आहेत.”

ते खुशीत हसले. मग म्हणाले, “मालकाक सांगितलंस मा? समजला तर परत बोलवतीत.”

“सांगतो,” मी म्हणालो.

सुट्टीचे अजून अकरा दिवस बाकी होते. दुकान रोज वाटेत लागायचं. मी पलीकडच्या फुटपाथने जात राहिलो.