भट्टीतून आलेल्या दोन टाक्या

दोन्ही टाक्या पास झाल्या होत्या. डाव्या हातात पंच, उजव्या हातात हातोडी. गळ्याजवळ महिना आणि वर्ष ठोकायचं, सर्टिफिकेटवर सही करायची आणि डबा उघडायचा, एवढंच काम उरलं होतं. नेमका तेव्हा मी तो प्रश्न विचारला. खरं तर टाक्या शेडमध्ये आल्या आल्या विचारायला हवा होता.

मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका सिलिंडर टेस्टिंग स्टेशनवर इन्स्पेक्टर आहे. आमच्याकडं येतात ते दवाखान्यांचे ऑक्सिजन सिलिंडर आणि आग विझवायचे सीओटूचे. पाठीवर बांधून पाण्याखाली न्यायच्या टाक्या, म्हणजे स्कुबा टँक, वर्षाकाठी एखाद्या. समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. पण जायकवाडीचं बॅकवॉटर आहे, आणि तिथं भाऊसाहेब आहे.

भाऊसाहेब गंगापूर तालुक्यातला. घरची शेती, शिवाय पाणबुड्याचं काम. उन्हाळ्यात बॅकवॉटर मागं सरकतं आणि शेतकऱ्यांच्या पाईपलाइनच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे जाळी लावलेली झडप, गाळात रुतून बसते. मोटार नुसती घरघरते, उसाला पाणी जात नाही. मग भाऊसाहेब खाली उतरून झडप मोकळी करतो. त्या उन्हाळ्यात त्यानं तीन गावांना शब्द दिला होता. पहिलं काम रविवारी होतं. टाक्या घेऊन तो आला तेव्हा गुरुवार होता.

टाक्या ॲल्युमिनियमच्या, कोकणातल्या एका बंद पडलेल्या डाइव्ह शॉपमधून सेकंडहँड घेतलेल्या. हवा भरायला तो उस्मानपुऱ्यात इरफानभाईंकडं जायचा. पोहण्याच्या सामानाचं दुकान, आणि मागच्या खोलीत श्वासाची हवा भरायचा कॉम्प्रेसर. या वेळी इरफानभाईंनी गळ्यावरची तारीख पाहिली आणि नळी जोडलीच नाही. टेस्टची मुदत कधीच उलटून गेली होती. त्यांचं काही चुकलं नाही. अशा टाकीत दोनशे बार, म्हणजे कारच्या टायरच्या शंभरपट दाब असतो. टाकी फुटलीच तर बहुतेक वेळा भरताना फुटते, आणि तेव्हा शेजारी उभा असतो तो भरणारा.

म्हणून भाऊसाहेब माझ्याकडं आला. सोबत त्याचे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान, सुदामराव. वाळूजला त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दोन्ही टाक्या लेकरू उचलावं तशा त्यांनीच गाडीतून उतरवल्या. टाक्यांना गडद निळा रंग होता, तोंड दिसेल असा. मी इतकी वर्षं सिलिंडर बघतोय, एवढी देखणी जुनी टाकी कधी पाहिली नव्हती. हे मी बोलूनही दाखवलं. सुदामराव खुलले.

तपासणीचे दोन भाग असतात. आधी डोळ्यांनी. व्हॉल्व्ह काढायचा, आत बारीक दिवा सोडायचा, गंज बघायचा, गळ्याचे आटे आरशात बघायचे, कुठं तडा नाही ना. आत दोन्ही टाक्या स्वच्छ होत्या. बाहेरचा रंग काढून पत्रा बघावा, असं आमची पद्धत सांगते. मी काढला नाही. इतका छान रंग कशाला खरवडायचा, असं वाटलं. ही माझी पहिली चूक.

तपासणीचा दुसरा भाग म्हणजे हायड्रो टेस्ट. टाकीत हवेऐवजी पाणी भरतो, कारण पाण्यानं टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. मग ती एका बंद पिंपात सोडून आतला दाब नेहमीच्या दीडपटीच्याही वर नेतो. टाकी किंचित फुगते. दाब सोडला की मूळ आकाराला यायला हवी. फुगली त्यातलं जे परत येत नाही, ते दहा टक्क्यांच्या वर गेलं तर टाकी बाद. पहिलीचं आलं तीन. दुसरीचं आठ.

आठ म्हणजे पास. पण ॲल्युमिनियमच्या धड टाकीचं एवढं येत नाही. पंच हातात घेतला तरी तो आठ डोक्यातून जाईना. म्हणून विचारलं, "रंग कुठून मारून आणला?"

"बाहेर कशाला नेतो? घरचंच काम हाय आपलं," सुदामराव म्हणाले. "पावडर कोटिंग. लोखंडाचे पॅनल, जिमचं सामान, समदं करतो मी. म्हनलं, साहेबाम्होरं न्यायची तर जरा सजवून न्यावी. बैल बाजारात न्यायचा तर शिंगं रंगवतोच की आपण."

मी हातोडी खाली ठेवली.

पावडर कोटिंग म्हणजे ब्रशनं मारायचा रंग नाही. कोरडी पावडर फवारून वस्तू ओव्हनमध्ये ठेवतात, पावडर वितळते आणि चिकटून बसते. लोखंडाला त्यानं काही होत नाही. ॲल्युमिनियमच्या टाकीचं तसं नाही. तिला मजबुती कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन आणलेली असते. पुन्हा पावणेदोनशे डिग्रीच्या वर तापली, की ती मजबुती उतरायला लागते आणि थंड झाल्यावर परत येत नाही. वरून काही दिसत नाही. बनवणारे स्पष्ट लिहितात, अशी टाकी वापरातून काढा.

"किती डिग्री?" मी विचारलं.

"दोनशे. वीस मिनिटं."

मी समजावून सांगितलं. सुदामराव ऐकायला तयार नव्हते. "अलॉय व्हील बी मारतो मी साहेब. आजपर्यंत एक बी तक्रार नाय."

"व्हीलमध्ये दोनशे बार हवा नसते."

भाऊसाहेबाला वाटलं होतं, दाजींनी साधा रंग मारलाय. तो हळूच म्हणाला, "विळा चुलीत पडला की लोहारानं दिलेलं पाणी उतरतं. तसंच हाय व्हय, साहेब?"

"तसंच आहे."

मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. देशमुख साहेब जेवत होते.

"रीडिंग लिमिटमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग अडलं कुठं?"

"टाक्या ओव्हनमधून आल्यात. दोनशे डिग्री."

"तुम्ही बघितलं?"

"नाही. त्यांनीच सांगितलं."

"मग नाही सांगितलं असं समजा." त्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "सही तुमची आहे. मी काही बोललो नाही."

मी बाहेर आलो. भाऊसाहेब टाक्यांजवळ उकिडवा बसला होता. रविवार जवळ आला होता, तीन गावांची माणसं त्याच्या भरवशावर होती, आणि टेस्ट तर पास होती. मला त्याची दया आली. उगाच कशाला लपवू, मी सुदामरावांना पळवाट काढून दिली.

"नीट आठवून बघा. ओव्हनचा मीटर जुना असेल. चुकून एकशे साठच नव्हतं ना? तेवढं असेल तर मला विचार करता येईल."

मला "असंल बुवा" एवढंच ऐकायचं होतं. तेवढं म्हणाले असते, तर मी सही केली असती. आज लिहितानाही याची लाज वाटते.

सुदामरावांना राग आला. "एकशे साठ? साहेब, एकशे साठला ही पावडर धरत नाय. नख लावलं की पापुद्रा निघतो. तसलं काम माझ्या हातून जाईल व्हय? मीटर मागच्या महिन्यात बदललाय. दोनशे म्हंजी दोनशे. म्होरं उभा राहून टाइम लावलाय मी."

बोलून झालं आणि आपण काय बोललो, ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी भाऊसाहेबाकडं बघितलं.

आपल्याकडं मेहुण्यावर ओरडता येतं, दाजींवर नाही. भाऊसाहेबाच्या तोंडावर सगळं दिसत होतं. पण तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "दाजी, चला, आधी चहा घेऊ."

चहा घेऊन आल्यावर त्यानं रिजेक्शनच्या कागदावर सही केली. बाद टाकी पुन्हा कुणी भरू नये म्हणून टाकीच्या मालकाच्या संमतीनं आम्ही ती कापून टाकतो. मी करवत काढली तर सुदामराव पुढं आले.

"द्या इकडं. मी केलं, मीच कापतो."

बाहेरच्या माणसाच्या हाती आम्ही हत्यार देत नाही. त्या दिवशी दिलं. ते घामाघूम होईपर्यंत कापत होते. दोन्ही टाक्या कापल्या, पण निळ्या रंगाचा एक टवकाही उडाला नाही. काम खरोखर चांगलं होतं.

मी इरफानभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "रोक दिये ना साब? अच्छा किये. भाऊ को बोलो, मेरे दो सिलिंडर ले जाव. सोमवार को मेरेकू वापस होना, बस."

रविवारचं काम झालं. बाकीची दोन गावं थांबली नाहीत, त्यांनी नाशिककडून दुसरा माणूस बोलावला. भाऊसाहेबाचा तो सीझन गेला. पुढच्या वर्षी तो स्टीलच्या टाक्या घेऊन आला. सोबत सुदामराव होते. माझ्याशी ते चार शब्द कमीच बोलले.

आमच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली आहे: टाकी कधी भट्टीत किंवा ओव्हनमध्ये ठेवली होती का? पंच बाहेर काढायच्या आधी प्रत्येकाला विचारतो. उत्तर मिळालं की लिहून घेतो. दुसऱ्यांदा विचारत नाही.