परातीतलं पिवळं पाणी

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला आमची परात आठवते. बाबा कापडाच्या लूमवर, आई वळ गावच्या गोदामात पॅकिंगला. आजारी पडायला आमच्यात कुणाला सवड नव्हती, म्हणून डोळे हळदीसारखे झाले तरी आई चार दिवस ड्युटीवर जात राहिली. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. मी दवाखान्याचं नाव काढलं तर आत्या म्हणाली, "कावील सुईनं न्हाय जात, ती धुवूनच काढायला लागते." ती आईला कोन गावच्या एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. त्याने झाडाच्या सालीची पूड दिली. ती हाताला चोळायची, परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की तेवढी कावीळ उतरली म्हणायची. पाणी रोज पिवळं व्हायचं आणि आत्या शेजारणींना बोलावून दाखवायची. हे सुरू केल्यावर पाचव्या सकाळी आईने माझ्याकडे बघून विचारलं, "तू कोनाची गो?" "उतरतेय ती, झोपू दे तिला," आत्या म्हणाली. मला रडताही येईना. मी तीच पूड माझ्या हातांना चोळली आणि ताज्या निवळीत हात बुडवले. पाणी तस्संच पिवळं झालं. "बाबा, मग मला पण कावीळ झालीय का?" बाबा परातीकडे बघत राहिले, आणि त्यांनी आईला उचलून रिक्षात बसवलं. सरकारी दवाखाना येईपर्यंत मी तिला सारखं माझं नाव सांगत होते. तिथे चौथ्या दिवशी तिने मला त्या नावाने हाक मारली. मी पुढे बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि मी पदवी घेत होते तेव्हा आई समोर बसली होती.