सुहासची ब्राझीलची नदी आणि माझी लीला

बायांनो, आज माझ्याच मूर्खपणाने मी तोंडावर आपटले.

माझा मुलगा सुहास आठवडाभर दोन आठवड्यांच्या सुट्टीची तयारी करतोय. मलेरियाच्या गोळ्या, डासांचं मलम, पातळ शर्ट. मला वाटलं, मला माहेरी रेवदंड्याला नेतोय. ही इथली, इंग्लंडातल्या वॉटफर्डची पोरं आजोळी जातानासुद्धा सुया टोचून घेतात! माहेरी माझी धाकटी बहीण लीला, मला बाय म्हणणारी, अंथरुणाला खिळलीय. सकाळी फोनवर तिला सांगून मोकळी झाले, "येतेय गं."

मग सुहासने टेबलावर नकाशा पसरला. नदी ब्राझीलची, घनदाट जंगलातली. तिथला वाटाड्या बरोबर घेऊन गळाने मासे धरायचे म्हणे.

"एवढ्या लांबून मासे आणणार कसे?"

"आणायचे नाहीत गं आई. फोटो काढायचा आणि परत सोडायचे."

कोळणीच्या पोटी हे जन्मलं! म्हटलं, "आणि लीलामावशी?"

"पुढच्या वर्षी नक्की. यंदाची सुट्टी यातच गेली."

एकटीने एवढा विमानप्रवास मला झेपत नाही, आणि पुढच्या वर्षापर्यंत ती थांबणारेय का?

आत्ताच भाचीचा फोन येऊन गेला. लीला तीन दिवसांनी आज वाटीभर पेज प्यायली. म्हणाली, "बाय येतेय, अंगात जीव हवा."

तिला खरं सांगू, की जेवू देऊ? तुम्ही काय केलं असतं?