पावणेदोन तासांचे विमान

दिग्रसची ती दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. सकाळी एक निवृत्त मास्तर घरात मृतावस्थेत सापडले. डोक्याला मार होता. पंचनामा उरकून प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवले, एवढ्यात ठाण्यात निनावी फोन आला: घरकामाची बाई म्हाताऱ्याशी रोज भांडायची, तिला विचारा.

बाई विधवा, साठीकडे झुकलेली. तिला ठाण्यात आणून बसवले.

"मी कायले मारू जी त्यायले? चहा घेऊन गेलती, तं पडेल दिसले."

"मग भांडण कशाचं?"

"चोरून गोड खात होते. डाक्टरनं मना केलं होतं."

दुसरा संशयित नव्हता. वरून विचारणा सुरू झाली होती. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. तिचे काय करायचे ते मला त्याआधी ठरवायचे होते.

रुग्णालयाच्या आवारात नातलग मास्तरांच्या मुलासाठी थांबले होते. अग्नी तोच देणार. तो बंगळुरूला नोकरीला. सकाळी सातला त्याला फोन गेला आणि बाराच्या सुमारास तो गाडीतून उतरला.

"लवकर आला," मी शेजाऱ्याला म्हणालो.

"इमानानं आला न साहेब. पावनेदोन घंट्यात नागपूर. आमचा तं यवतमाळले जाऊन याले दिवस जाते."

ते विमान मला ठाऊक होते. एका आरोपीला त्यानेच आणले होते. हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. पण बंगळुरूचा विमानतळ शहराबाहेर लांब, वर तासभर आधी पोचायचे, आणि नागपूरहून दिग्रस आणखी साडेचार तास. सगळे फक्त आकाशातला वेळ मोजत होते. यंदा माझी पत्नी गेली तेव्हा बंगळुरूहून येणाऱ्या माझ्या मुलाची वाट पाहत मी हाच हिशेब पुन्हा पुन्हा केला. तो कमी होत नाही.

मास्तरांच्या मुलाला बाजूला घेऊन बोर्डिंग पास मागितला. तो बाकावर बसला.

"कालच आलो होतो. बंगळुरूला चला म्हणत होतो. ते ऐकेनात. मी हात झटकला, ते ओट्यावर आपटले. मी पळालो, यवतमाळला लॉजवर."

मोबाइलच्या लोकेशनने पुढे तेच सांगितले.

"संध्याकाळी आला असतात, तर कोणालाच शंका आली नसती."

"बाबा इथं पडून होते साहेब. मले तिथं बसवेना."

"बाईला ठाण्यात बसवलंय, हे माहीत होतं?"

"काकांनी फोनवर सांगितलं."

"मग?"

त्याने मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

बंदोबस्तात त्याला अग्नी देऊ दिला, मग अटक दाखवली. बापासाठी जीव तुटणारा माणूस एका निरपराध बाईला मुकाट आत जाऊ देतो, आणि दोन्ही खरे असते. त्याआधी मी माणसांचे चांगले-वाईट पटकन ठरवत असे. नंतर ते जमेनासे झाले.

ठाण्यात परतून बाईला घरी जायला सांगितले. उठताना तिने विचारले, "मास्तरचा पोरगा पोचला का जी? लय वाट पाहत होते त्याची."

"पोचला," मी म्हणालो, आणि तिला घरी सोडायला गाडी काढायला लावली.