माझ्या वजनाला न पेटणारी लाइट

मोटरसायकल घ्यायची हे मी ठरवलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. पुढे बसला की त्याला गरगरतं, मागे बसला की गरगरत नाही, हे त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. मी कॉलेजात असताना भावाच्या गाडीवर शिकले होते. स्कूटर घे, हलकी असते, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मला मोटरसायकलच हवी होती. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गाडी मिळाली वरळी कोळीवाड्यात, एका मासळी विकणाऱ्या मावशींकडे. त्यांचा मुलगा त्या गाडीवरून मासळी आणायचा, आता त्याने टेंपो घेतला होता. मी इंजिनाचा आवाज ऐकला, टायर दाबून पाहिले, एक फेरी मारली. मागच्या लाइटकडे पाहायचं काही मला सुचलं नाही. लालबागला आमच्या चाळीच्या अंगणात गाडी आली, नवऱ्याने तिला झेंडूचा हार घातला आणि मागे बसून स्वतःचा फोटो काढून घेतला.

मी ठाकूरद्वारला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. तिथे जाता-येताना पहिल्याच आठवड्यात एक टॅक्सीवाला माझ्या बाजूला येऊन ओरडला, "ओ ताई, ब्रेक मारता पण लाइट कुठाय? मी ठोकणार होतो ना!"

मी गाडी तशीच चाळीजवळच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने गाडी स्टँडवर घेतली, पायाचा ब्रेक हाताने दाबला आणि म्हणाला, "चालू आहे की, मॅडम."

मी मागे जाऊन पाहिलं. लाल, लख्ख पेटली होती.

"पण रस्त्यात पेटत नाही."

"बल्ब लूज असेल," म्हणून त्याने बल्ब बदलला. मी गाडी घेऊन निघाले आणि पहिल्याच सिग्नलला मागच्या माणसाने हॉर्न वाजवून मला लाइट नसल्याचं कळवलं. परत फिरले. त्याने परत हाताने ब्रेक दाबला, परत लाइट पेटली. या वेळी त्याने ब्रेकचा स्विच बदलला. तिसऱ्या खेपेला त्याने काहीच बदललं नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, लोकांचं ऐकू नका. बाई गाडी चालवते म्हटल्यावर लोक काहीही सांगतात." मला ते पटलं. पुढचे चार दिवस कोणी मागून ओरडलं की मी त्याच्याकडे तुच्छतेने बघायचे.

मग चिंचपोकळीच्या सिग्नलला एका हवालदारांनी मला बाजूला घेतलं. पन्नाशीचे, पोट सुटलेले, बोलायला अगदी मऊ.

"ताई, ब्रेक लाइट बंद आहे."

"चालू आहे साहेब. दाखवते." मी उतरले, गाडी स्टँडला लावली, हाताने ब्रेक दाबला. लाइट पेटली. हवालदारांनी मान डोलावली. मी विजयी मुद्रेने परत बसले आणि पायाने ब्रेक दाबला.

"गेली," ते मागून म्हणाले.

मी उतरले. पेटली. बसले. गेली. असं चारदा झालं. सिग्नलला थांबलेले लोक काच खाली करून बघायला लागले.

"ताई, तुम्ही खाली उतरूनच चालवा," हवालदार म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारात पडले होते. मग म्हणाले, "थांबा, मी बसतो." ते बसले, मी वाकून हाताने ब्रेक दाबला. लाइट पेटली नाही. तेवढ्यात फुटपाथवरून एक अंगाने बारीक आजोबा चालले होते, त्यांना हवालदारांनी थांबवलं, "काका, दोन मिनिटं गाडीवर बसता का?" आजोबा घाबरून बसले. लाइट पेटली.

हवालदार बराच वेळ लाइटकडे आणि मग स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले. "वजनाचा प्रॉब्लेम आहे," ते हळूच म्हणाले. "आपल्या दोघांचा." आणि दुरुस्त करून घ्या, एवढं सांगून त्यांनी मला सोडलं. आजोबांनी विचारलं, "मी उतरू का?"

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, "काकांना विचारू."

काका म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतले. मूळचे मालवणकडचे, आयुष्यभर गणपतीच्या मंडळांची लायटिंग केलेली. विजेवर चालणारं काहीही बिघडलं की चाळ त्यांच्याकडे जाते आणि ते नीट करून वर दोन रंगीत बल्ब लावून देतात. रविवारी सकाळी ते टेस्टर घेऊन अंगणात आले. मी बसले, लाइट गेली. नवरा बसला, लाइट पेटली. काका स्वतः बसले, पेटली. त्यांनी टेस्टर खिशात ठेवला.

"गो बाय, लाइट बरी आसा," ते म्हणाले. "तुझा वजन बरा नाय."

"काका, गाडीचं बघा ना."

"गाडयेचाच बघतंय. किती वजनाक इझता, ता कळाक होया."

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे आणि गिरणीत पोती मोजायचा मोठा काटा आहे. काकांनी सगळ्यांना आधी काट्यावर आणि मग गाडीवर बसवायचं ठरवलं. नवरा चोपन्न, लाइट चालू. काका अठ्ठावन्न, चालू. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दळण घ्यायला आल्या होत्या, त्यांनाही चढवलं. एकसष्ट, चालू. माझी पाळी आली तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं होती. मी काट्यावर उभी राहिले. गिरणीवाल्याने आकडा बघितला आणि भल्या माणसाने तो मनातच ठेवला. पण काका म्हणाले, "सांग रे, हिशोबाक होया." त्याने सांगितलं. बहात्तर. वहिनी म्हणाल्या, "दिसत नाही हो तेवढं," आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

अखेर जमलेल्या सगळ्यांना चढवून झाल्यावर साडेत्रेसष्ट किलोला लाइट जाते, असं ठरलं.

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं, पण वहिनी त्या संध्याकाळी परत आल्या. त्यांनी विचारलं, "जरा बसून बघू? जेवण झालंय ना, म्हणून." मी ब्रेक दाबला, लाइट पेटली, त्या आनंदाने गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावरच्या दोघी आल्या. गिरणीचा काटा पिठाने माखलेला असतो आणि तिथे सगळ्यांसमोर आकडा कळतो. माझ्या गाडीवर आकडा कळत नाही, नुसती लाइट पेटते किंवा पेटत नाही, हे बायकांना फार आवडलं. आठवडाभर मी कामाला निघण्याआधी वीस मिनिटं अंगणात उकिडवी बसून हाताने ब्रेक दाबत होते आणि सीटवर एकामागून एक शेजारीण बसत होती. गुरुवारचा उपास करणारी एक जण बुधवारी विझली आणि शुक्रवारी सकाळी पेटली. तिने मला साखर आणून दिली. मी स्वतः रात्री फक्त ताक प्यायला लागले, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी काकांनी सीट उघडली. ती आधीच का उघडली नाही, असं मी विचारलं. "आधी रोग, मग ऑपरेशन," ते म्हणाले.

सीटच्या खाली एक लोखंडी हूक होता, कशालाच न लागणारा. वर जड माणूस बसला की तो हूक खाली येऊन वायरींवर टेकायचा. ब्रेक लाइटची वायर वरून धड होती, पण आतली तार तिथेच तुटली होती. एरवी तुटलेली दोन टोकं एकमेकांना चिकटून असायची. हूक दाबला की सुटायची. काकांनी मला ते बोटाने दाबून दाखवलं. पेटली, गेली, पेटली, गेली. मला तिथेच रडू आलं. त्यात माझ्या वजनाचा दोष एवढाच, की मी बसत होते.

काकांनी वायर जोडली, टेप गुंडाळली, मागच्या नंबरप्लेटभोवती पळणारी लाइट लावून देऊ काय म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. चार दिवस गाडी छान चालली. पाचव्या दिवशी हुकाने टेपही कापली. तेव्हा काकांनी सीट उलटी करून नीट पाहिली आणि निकाल दिला, "ही सीट ह्या गाडयेची न्हय."

म्हणून मी आणि नवरा करी रोडच्या पुलावरून वरळीला गेलो. सकाळचे अकरा वाजले होते, मावशी कोळीवाड्याच्या बाजारात बसल्या होत्या. पुढ्यात पापलेट, सुरमई, बाजूला कोयता.

"काय गो पोरी, चालते ना गाडी?"

"मावशी, हिची मूळची सीट कुठाय?"

"कुठं म्हंजे? ही काय!" त्या जराशा उठल्या. मूळची सीट त्यांच्या खाली होती. विटांवर ठेवलेली, काळी, लांब, दोन माणसांची. त्या तिच्या पुढच्या भागात बसायच्या आणि मागच्या भागात पिशव्या ठेवायच्या.

"कंबर धरायची माजी," मावशी म्हणाल्या. "पाट झाला, खुर्ची झाली, डॉक्टरनं गादी दिली ती झाली. तीन वर्सांमागं पोराची ही सीट काढून बसले तर कंबर गप. मग त्यानं गाडीला दुसरी कुठली तरी आणून लावली."

मी त्यांना हूक, वायर, तुटलेली तार, सगळं समजावलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"आणि लाइट नसली तर काय होतं?"

"मागच्याला कळत नाही, मी थांबतेय ते."

"माजा पोरगा कधी थांबायचाच नाय," त्या म्हणाल्या. "मासळी घेऊन थांबतं का कोणी?"

सीट द्यायला त्या तयार नव्हत्या. मी नवीन स्टूल आणून देते म्हटलं, गादी शिवून देते म्हटलं. त्या नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी नवऱ्याने, जो बाजारात कधी भाव करत नाही, त्याने तोंड उघडलं. "मावशी, आमचीवाली बसून बघा. नाही जमलं तर आम्ही जातो."

त्याने पाना घेऊन आमच्या गाडीची सीट काढली. शेजारच्या दोन बायकांनी मावशींना हात देऊन उठवलं, विटांवर आमची सीट ठेवली, हूक दोन विटांच्या मधल्या फटीत बरोबर बसला. मावशी बसल्या. डोळे मिटले. एक गिऱ्हाईक कोळंबीचा भाव विचारत होतं, त्याला शेजारणीने थांबायची खूण केली. मावशी डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या, कोयता उचलून एका सुरमईचे तुकडे केले, परत सरळ बसल्या.

"ही उंच हाय," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने पाना परत हातात घेतला.

"उंच बरी. गिऱ्हाईक लांबून दिसतं." आणि मग करड्या आवाजात, "पण आठ दिवस. कंबर बोलली, तर माजी मला परत पाहिजे."

त्यांची सीट आमच्या गाडीवर खटकन बसली, जणू कधी निघालीच नव्हती. मी बसले, नवरा रस्त्यावर मागे उभा राहिला, मी ब्रेक दाबला. मी वळून पाहिलं तर तो दोन्ही हात वर करून उभा होता आणि त्याच्या पायाजवळ तीन मांजरं जमली होती. ती लाइट बघायला आली नव्हती. तीन वर्षं मासळीबाजारात मुरलेली सीट आता माझ्याकडे होती.

परतीच्या वाटेवर सगळं सुरळीत झालं. वरळी नाक्याच्या सिग्नलला मात्र मागे बसलेल्या नवऱ्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तुला काही वास येतोय का?" मी म्हटलं, नाही. चाळीत पोचलो तेव्हा वहिनी अंगणात होत्या. त्या सवयीने गाडीवर बसल्या, मी ब्रेक दाबला, लाइट पेटली. आता कोणीही बसलं तरी पेटेल, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम पडला. त्या उतरल्या, साडी झटकली, हाताचा वास घेतला आणि वर गेल्या.

नवव्या दिवशी मावशींचा फोन आला. मी पाना शोधतच तो उचलला. कंबर गप्प होती. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की त्यांच्या जुन्या सीटच्या खाली चिकटपट्टीने लावलेली एक छोटी पिशवी होती, त्यात त्यांच्या तपकिरीची डबी राहिली, ती शनिवारी मासळी घ्यायला येताना घेऊन येशील का.