गळ्यापासून विणणाऱ्या आपा

छावणीच्या बाजारात कुणाच्याही अंगावर हातानं विणलेला स्वेटर दिसला, की आपा त्या माणसाला थांबवत, स्वेटरची खालची कड दोन बोटांनी उलटी करत आणि आतली बाजू बघत. माणूस ओळखीचा असायलाच पाहिजे, असं काही नव्हतं. एकदा भाजीच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्या एका जवानाच्या कमरेशीच त्यांनी हात घातला. तो बिचारा हातात मेथीची जुडी घेऊन परेडला उभा असल्यासारखा ताठ झाला. आपांनी चष्मा कपाळावर सरकवून टाके बघितले आणि विचारलं, "अम्मीने बुना?" तो म्हणाला, "जी." "अच्छा बुना. गला जरा तंग रख दिया." मी लाजेनं अर्धी झाले होते. आपा मात्र माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "बघितलंस? आतून पण साफ आहे. आता कोथिंबीर घे."

त्या साऱ्या गल्लीच्या आपा होत्या. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना आपाच म्हणत. त्यांच्या मिस्टरांचं बाजारात रफूचं छोटं दुकान होतं. लष्करी साहेबांचे सूट, कोट, ब्लँकेटं तिथं दुरुस्तीला येत. विणलेलं काही आलं की ते घाबरत आणि गुपचूप घरी आणून आपांच्या पुढ्यात टाकत. दुसऱ्यांची भोकं बुजवता बुजवता आपा विणायला शिकल्या. पुढं डोंगराकडच्या कुठल्याशा साहेबाच्या बायकोनं त्यांना गळ्यापासून खाली स्वेटर विणायची रीत दाखवली. आधी गळा, मग खांदे, मग छाती आणि मग खाली कमरेपर्यंत. सगळं एकसंध, कुठं शिवण म्हणून नाही. तेव्हापासून पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या विणून शेवटी शिवणाऱ्या समस्त बायका आपांच्या मनातून उतरल्या. "त्याला स्वेटर नाही म्हणत," त्या म्हणायच्या, "ते जोडकाम."

आमच्याकडं थंडी ती किती! दिवाळीनंतर पहाटे जरा बोचरं वाटतं आणि संक्रांत झाली की पंखे सुरू. तरी आपा भर मे महिन्यात, वर कूलर घरघरत असताना, मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या असत. गुंडा घरंगळू नये म्हणून तो स्टीलच्या डब्यात ठेवलेला असे. कुणी हसलं की त्या म्हणत, "थंडी आल्यावर घ्यायला बसलं तर थंडी गेल्यावर होतं. मग काय, संदुकीला घालायचं?" चहा मात्र त्या असा गोड करत की घोटाघोटाला दात शिवशिवत. नको म्हणायची सोय नव्हती. कपात उरलेला चहा त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

मी लग्न करून त्यांच्या समोरच्या घरात राहायला आले. लग्न माझ्या मर्जीचं, जातीबाहेरचं. माझे वडील, अण्णा, लासूर स्टेशनला आडतीचं दुकान चालवतात. त्यांनी आकांडतांडव केलं नाही, मला घराबाहेरही काढलं नाही. फक्त माझ्याशी बोलायचं थांबवलं आणि माझ्या घरी पाऊल टाकलं नाही. सणावाराला मी माहेरी जायची तर अण्णा समोर बसून आईला सांगायचे, "तिला म्हणावं, जेवून जा." आई माझ्याकडं वळून म्हणायची, "जेवून जा गं." मी आईला म्हणायची, "हो म्हणावं." मधे आई. तिघंही एकाच खोलीत. अशी बरीच वर्षं गेली आणि आम्हाला ती पद्धत अंगवळणी पडली, असं इतरांना वाटायचं. मला कधी पडली नाही.

एका दिवाळीत अण्णांचा जुना स्वेटर दोन्ही कोपरांवर विरलेला दिसला. पहाटे मक्याच्या, कापसाच्या गाड्या येतात तेव्हा ते उघड्यावर उभे असतात. त्यांना आपण स्वेटर विणावा आणि आईच्या हाती पाठवावा, असं माझ्या मनानं घेतलं. कुणी विणला ते आईनं सांगावं किंवा न सांगावं. मला साधा सुलट टाकासुद्धा धड येत नव्हता. मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावला, लोकर आणली आणि आठवडाभर झगडून एक चिंधी तयार केली. ती घेऊन आपांकडं गेले. त्यांनी चिंधी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "ही मोबाईलवाली तुझ्या अण्णांना ओळखती का?"

"नाही."

"मग ती काय शिकवणार?"

मला वाटलं, नवखीला आधी मफलर विणायला लावतील. पण मफलरबद्दल आपांचं मत वाईट होतं. "मफलर विणून कोणी शिकत नाय. नुस्तं लांब होत जातं, माणूस कंटाळतं. एकदम स्वेटर घे. चुकेल. चुकू दे." त्यांनी मला तारेनं जोडलेल्या दोन सुया दिल्या, गळ्याचे टाके घालून घेतले आणि चार ठिकाणी लाल दोऱ्याचे छोटे फास अडकवले. पुढची बाजू, पाठ आणि दोन बाह्या यांच्या मधल्या या चार सीमा. एक फेरा साधा विणायचा, दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक फासाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक टाका वाढवायचा. तेवढं केलं की खांद्यावरून तिरक्या रेघा उतरत जातात आणि स्वेटर आपोआप रुंदावतो. ऐकायला सोपं. मी टीव्ही बघता बघता एका फासाकडं वाढवायचंच विसरले, आणि डावी बाही उजवीच्या निम्म्यानं झाली. आपांनी बघितलं, सुई उपसून काढली आणि लोकरीचं टोक माझ्या हातात दिलं. "ओढ."

"सगळं?"

"हौ, सगळं. रडती कशाला? ऊन आहे, काच नाही." लोकरीला त्या ऊनच म्हणत.

मी कितीदा उसवलं असेल देव जाणे. आपा कधी चिडल्या नाहीत आणि त्यांनी कधी स्वतः दुरुस्त करूनही दिलं नाही. त्यांच्याकडं टेप नव्हता. घरात कुणी आणला तर त्या पडदे मोजायला देऊन टाकत. ज्याचा स्वेटर त्यानं यायचं, अर्धवट विणलेलं डोक्यातून घालून उभं राहायचं, हीच त्यांची मोजणी. सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे काखेपाशी पोचल्यावर. तिथं बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून बाजूला ठेवायचे असतात आणि पुढं नुसतं अंग विणायचं असतं. "हात वेगळे करायच्या आधी माणूस पाहिजे," आपा म्हणायच्या. त्यात सवलत नव्हती.

मी शक्कल लढवली. माझ्या नवऱ्याला उभं केलं, त्याच्या अंगावर बेतलं आणि आपांना सांगितलं, अण्णांचं माप हेच आहे. आपांनी नवऱ्याला मागून, पुढून न्याहाळलं. तो कंपनीत संगणकापुढं बसणारा, उतरत्या खांद्यांचा माणूस. "तुझे अण्णा काय करतात म्हणालीस?"

"आडत आहे. तरुणपणी पोती उचलायचे."

"मग हे खांदे त्यांचे कसे असतील गं? नवरा कधी बापाच्या मापाचा असतो का?" नवरा हसायला लागला आणि मला एकाएकी रडू फुटलं. मग मी आपांना सगळं सांगितलं. लग्न, आईमार्फतचं बोलणं, अण्णांनी न टाकलेलं पाऊल. मला वाटलं, आता त्या समजूत घालतील. आईबाप असेच असतात वगैरे म्हणतील. त्यांनी मात्र सुया काढून घेतल्या, टाके एका लांब दोऱ्यात ओवले, गाठ मारली आणि सगळं पिशवीत घातलं. "मग थांबू. ऊन सडत नाय."

ते काम तसंच पडून राहिलं. रोज चहाला जायची तर पिशवी खुंटीवर दिसायची. शेवटी मीच एका सकाळी म्हणाले, "आपा, मी रविवारी लासूरला जाते." त्या म्हणाल्या, "मी पण येते. लई दिवस रेल्वेत बसले नाय."

पोटूळ स्टेशन गेलं, आता पुढचं लासूर. आपा खिडकीशी बसून पेरू खात होत्या. घरी पोचलो तेव्हा अण्णा दुकानातून जेवायला आले होते. पाहुण्या बाई बघून त्यांनी टोपी सारखी केली, "बसा ताई" म्हणाले. आईनं शिरा केला. दोन घास शिरा खाऊन आपांनी पिशवीतून ते अर्धवट प्रकरण काढलं. "अण्णा, जरा उभे राहा."

अण्णांनी आईकडं बघितलं. "काय हाय हे?"

"तुमच्यासाठी स्वेटर विणायलीय ती," आई हळूच म्हणाली.

"मला हाय की स्वेटर."

"तो बघितला मी खुंटीवर," आपा म्हणाल्या. "त्याला कोपर शिल्लक नाय. उभे राहा, लई वेळ नाय लागत."

पाहुणीचा शब्द मोडणं अण्णांना कधी जमलं नाही. ते उभे राहिले. मी पाटावर चढून ते त्यांच्या डोक्यातून घातलं. खांद्यांवरून छातीपर्यंत आलेली ती लोकर, त्याखाली लोंबणारा दोरा, आणि त्यात एवढा मोठा माणूस. लहान बाळाला झबलं घातल्यासारखे ते दिसत होते. "हलू नका," आपांनी बजावलं. "आपल्या हातानं काढू पण नका, टाके सुटतील. कुठं आवळतंय का?"

अण्णा आईला म्हणाले, "तिला म्हणावं, काखेत आवळतंय."

आई माझ्याकडं वळली. "काखेत..."

"थांबा वहिनी," आपा म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं. फिरून आलेलं माप माझ्या ध्यानात राहत नाय. आणि विणणारी मी नाय, ही आहे. घालणारा इथं उभा, विणणारी इथं उभी. तुम्ही कशाला तकलीफ घेता?"

आपांचे कान असे होते की चौथ्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या त्या मोजायच्या. अण्णांना बसता येईना, काढता येईना, बाहेर जाता येईना. हात अंगापासून जरा लांब धरून ते तसेच उभे होते. आई पदराशी चाळा करत होती. आपा शांतपणे बशीतला शिरा निपटत होत्या. मग अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "काखेत आवळतंय. डावीकडं."

"किती?" मी विचारलं.

"दोन बोटं असंल."

मी तिथं दोन बोटं घालून लोकर सैल धरली. "आता?"

"हां. आता बरं हाय."

एवढंच. इतक्या वर्षांनी माझे अण्णा माझ्याशी बोलले. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि माठापाशी उभी राहून तोंडात पदर धरून रडले. परतीच्या गाडीत आपांना म्हणाले, "तुम्ही मुद्दाम केलंत." त्या म्हणाल्या, "काय मुद्दाम? आवळत नव्हतं का?"

मग काम झपाट्यानं पुढं गेलं. डावीकडं थोडे जास्त टाके घेऊन काख सैल केली, अंग खाली उतरत गेलं, एक बाही झाली. मी लासूरला फोन केला की अण्णा कधी कधी स्वतः उचलायचे. "कुठवर आलं?" एवढं विचारायचे आणि फोन आईकडं द्यायचे. माझ्या घरी यायचं नाव मात्र काढत नव्हते. मीही विचारत नव्हते. विचारलं आणि नाही म्हणाले तर, ही धास्ती होती.

दुसऱ्या बाहीचे टाके अजून दोऱ्यावरच होते तेव्हा आपांना ताप आला. छाती भरली, दवाखान्यात नेलं, आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. शेवटच्या भेटीत ऑक्सिजनच्या नळीतूनही त्यांनी माझ्या हातातलं विणकाम चाचपून बघितलं आणि कड उलटी केली. मला मनातून फार वाटत होतं की त्यांनी "साफ आहे" म्हणावं. पण त्या थकल्या होत्या.

मी लासूरला फोनवर सांगितलं. अण्णांनी ऐकलं, "कधी?" विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी आपांच्या दारात बायकांमध्ये बसले होते, तर समोर पुरुषांच्या सतरंजीवर पांढरी टोपी दिसली. अण्णा एकटेच आले होते. आपांच्या मुलाचा हात हातात घेऊन ते बराच वेळ बसले. मग उठले, चपला पायात सरकवल्या आणि थेट मी होते तिथं आले.

"तुझं घर कोणतं?"

मी समोर बोट दाखवलं. ते पुढं चालू लागले, मी मागं. किल्ली कुलपात नीट बसेना, त्यांनीच ती माझ्या हातातून घेऊन दार उघडलं. आत खुर्चीवर एका बाहीचा स्वेटर पडला होता. अण्णा उंबऱ्याशी थांबले, आत बघितलं आणि परक्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखं मला विचारलं, "चपला कुठं काढू?"

"कुठंही काढा, अण्णा."